डीनच्या जंगलात पहिल्यांदा चालायला जाताना

सह्याद्रीत भटकलेला माणूस इंग्लंडमध्ये आला की इथल्या टेकड्यांची उंची ऐकून निर्धास्त होतो. फॉरेस्ट ऑफ डीनमधली सर्वांत उंच जागा म्हणजे रुअरडीन हिल, आणि ती समुद्रसपाटीपासून भरते २९० मीटर. सिंहगड चढायची सवय असलेल्याला हे किरकोळच वाटणार. पण या जंगलात फसगत चढामुळे होत नाही, दिशेमुळे होते. गडावर जाताना बुरूज, सोंड, खिंड असं काहीतरी सतत नजरेसमोर असतं. इथे चारी बाजूंना ओक आणि बीचची झाडं. वाट वळते, उतरते, पुन्हा चढते, थोड्या थोड्या अंतरावर तिला फाटे फुटतात आणि सगळे फाटे सारखेच दिसतात. चकवा लागायला एवढं पुरतं.

म्हणून ब्रिस्टल, स्विंडन, रेडिंग अशा गावांत नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या आणि शनिवार-रविवारी पाय मोकळे करायला डीनकडे निघालेल्या मराठी मंडळींना माझं पहिलं सांगणं हेच, की इथे दमापेक्षा वाट ओळखण्याची तयारी करून या. आणि वाटा ओळखायच्या तर त्या कोणी, कशासाठी पाडल्या हे थोडं माहीत हवं. या जंगलातली जवळजवळ प्रत्येक वाट कुठल्या ना कुठल्या कामातून तयार झाली आहे.

आधी जंगल समजून घ्या

ग्लॉस्टरशरच्या पश्चिम टोकाला, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या मध्ये, वेल्सच्या सीमेला लागून हे जंगल पसरलं आहे. साधारण ११० चौरस किलोमीटर. नॉर्मन राजांच्या काळापासून ही राजाची शिकारीची राखीव जागा. १९३८ मध्ये हे इंग्लंडमधलं पहिलं नॅशनल फॉरेस्ट पार्क झालं.

पण याला नुसतं रान समजू नका. रोमन काळापासून इथे लोखंड काढलं गेलं. पुढे कोळसा निघाला, दगड निघाला आणि शेकडो वर्षं इमारती लाकूड निघत राहिलं. १८०२ मध्ये ॲडमिरल नेल्सन इथे येऊन गेला आणि आरमाराच्या जहाजांसाठी लागणारा ओक संपत चालल्याची तक्रार त्याने केली. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या प्रमाणावर ओक लावले गेले. ते जहाजबांधणीजोगे होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली आणि त्यातले बरेच ओक उभेच राहिले. आज पार्कएंडजवळच्या नॅग्सहेड भागात ज्या उंच, सरळसोट ओकांखालून आपण चालतो ते याच लागवडीतले.

खाणींचा हक्कही इथला वेगळाच. सेंट ब्रीव्हल्स हंड्रेड या हद्दीत जन्मलेला, २१ वर्षं पूर्ण झालेला आणि खाणीत एक वर्ष एक दिवस काम केलेला माणूस इथला ‘फ्रीमायनर’ होऊ शकतो, म्हणजे स्वतःची खाण चालवण्याचा हक्क मागू शकतो. १८३८ च्या कायद्याने हा हक्क पक्का केला. मोठ्या खाणींतली शेवटची, नॉर्दर्न युनायटेड, १९६५ मध्ये बंद पडली. लहानसहान खाणी मात्र अजूनही आहेत.

हे सगळं चालणाऱ्याच्या थेट उपयोगाचं आहे. एखादी वाट डोंगरउताराला आडवी, जवळपास सपाट, हलक्या वळणांनी जात असेल तर ती बहुधा जुन्या ट्रामवेची किंवा रेल्वेची. घोडे कोळशाचे डबे ओढायचे, त्यामुळे चढ मुद्दाम कमी ठेवलेला. अशी वाट लांबून वळसा घालते पण दमवत नाही आणि बहुतेक वेळा खालच्या खोऱ्यात, रस्त्याकडे किंवा एखाद्या जुन्या कारखान्याच्या जागी नेऊन सोडते. रुंद, खडी टाकलेली, ट्रक जाईल अशी वाट लाकूडतोडीची. ती चालायला सोपी, पण पुष्कळदा झाडं तोडायच्या जागी जाऊन तिथेच संपते. अरुंद, मुळांनी भरलेली, सरळ चढणारी वाट माणसांच्या आणि मेंढ्यांच्या पायांनी मळलेली. आणि जिथे जमीन अचानक खचलेली, शेवाळलेले चुनखडीचे कातळ, त्यावरून लोंबणारी यू नावाच्या झाडाची मुळं दिसतील, तिथे तुम्ही ‘स्काऊल्स’पाशी आहात. या मुळात नैसर्गिक गुहा. छत कोसळून त्या उघड्या पडल्या आणि लोकांनी त्यातून लोखंडाचं खनिज खणून काढलं. जागा विलक्षण देखणी, पण इथे वाट सोडून पानांच्या थरावर पाय ठेवू नका, खाली खड्डा असू शकतो. स्काऊल्स सुरक्षितपणे बघायचे तर कोलफर्डजवळच्या पझलवूडमध्ये तिकीट काढून जा. तिथे बांधलेल्या वाटा आणि लाकडी पूल आहेत.

कधी जायचं, कसं जायचं

पहिल्या खेपेला एप्रिलची अखेर ते मेचा मध्य गाठता आला तर उत्तम. ओकांना पालवी पूर्ण फुटायच्या आत खाली ब्लूबेल फुलतात आणि उतारच्या उतार निळेजांभळे होतात. पायवाट सोडून त्यांच्यात फोटोसाठी शिरू नका. तुडवलेली रोपं सावरायला वर्षानुवर्षं लागतात. दुसरा चांगला काळ ऑक्टोबर-अखेरचा, बीच तांबूस झालेले असताना. जुलै-ऑगस्ट सुट्टीचा म्हणून लोक येतात, पण तेव्हा ब्रॅकन नावाचं नेचं कमरेच्या वर वाढलेलं असतं आणि लहान पायवाटा त्यात गडप होतात. हिवाळा वर्ज्य नाही, फक्त दिवस फार लहान.

गाडी असेल तर सोपं. ब्रिस्टलहून सेव्हर्न पूल ओलांडून चेपस्टोमार्गे साधारण तासाभरात जंगलाच्या कडेला पोहोचता येतं. पुलाचा टोल डिसेंबर २०१८ पासून बंद आहे. गाडी नसेल तर ग्लॉस्टर-न्यूपोर्ट मार्गावरचं लिडनी स्टेशन गाठा. तिथून पुढच्या बस मोजक्याच आणि रविवारी त्याहून कमी, म्हणून परतीची बस आधी पक्की करा आणि मग जाण्याची. जंगलात गाडी सावकाश चालवा. मेंढ्या रस्त्यावर मोकळ्या फिरतात, अगदी गावाच्या चौकातही बसतात. त्या चारण्याची परंपरा जुनी आहे आणि मेंढपाळांना इथे ‘शीप बॅजर’ म्हणतात.

नकाशा कागदाचाच घ्या

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्स्प्लोरर मालिकेतला ओएल १४ क्रमांकाचा नकाशा, ‘वाय व्हॅली अँड फॉरेस्ट ऑफ डीन’. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवरचा १ किलोमीटर. प्रत्येक चौकोनाची बाजूही १ किलोमीटर, त्यामुळे अंतराचा अंदाज नुसत्या नजरेने येतो. फोनवर नकाशाचं ॲप जरूर ठेवा आणि तो भाग आधी उतरवून घ्या, कारण खोऱ्यांमध्ये रेंज जाते. पण कागदावर आख्खं जंगल एका नजरेत दिसतं. आपण कुठल्या दोन ओढ्यांच्या मध्ये आहोत, रस्ता कुठल्या बाजूला आहे, हे फोनच्या चौकटीत कळत नाही.

घरीच बसून नकाशावर दोन रस्ते बोटाने शोधा. एक बी ४२२६, कोलफर्डहून सिंडरफर्डकडे पश्चिम-पूर्व जाणारा. दुसरा बी ४२३४, लिडनीकडून पार्कएंडमार्गे लिडब्रुककडे दक्षिण-उत्तर जाणारा. दोघे जंगलाच्या साधारण मध्यावर कॅनॉपच्या चौकात एकमेकांना छेदतात. आपण या चार भागांपैकी कुठल्या भागात आहोत हे दिवसभर लक्षात ठेवलं, तर पूर्ण हरवणं अवघड आहे. वाट चुकली तरी कुठल्या दिशेला चाललं की रस्ता लागेल हे माहीत असतं.

नकाशावरच्या हिरव्या तुटक रेघा म्हणजे कायद्याने सर्वांना खुल्या वाटा. आखूड तुकड्यांची रेघ पायी जाणाऱ्यांची, लांब तुकड्यांची घोडेस्वार आणि सायकलवाल्यांनाही खुली. जागेवर खांबांवर बाण असतात: पिवळा पायी वाटेचा, निळा घोड्यांच्या वाटेचा. काळ्या तुटक रेघा म्हणजे तिथे वाट आहे इतकंच. जंगलाचा मोठा भाग फॉरेस्ट्री इंग्लंड या सरकारी संस्थेकडे आहे आणि त्यात पायी फिरायला मोकळीक आहे. कडेला खासगी शेतं लागली की मात्र खुणेच्या वाटेवरच राहायचं आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

सोबत एक साधं होकायंत्रही असू द्या. दाट झाडीत, ढगाळ दुपारी उत्तर कुठे हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. झाडाच्या उत्तरेला शेवाळ असतं हे ऐकलेलं ज्ञान इथे विसरा. डीनच्या दमट हवेत शेवाळ सगळीकडून चढतं.

पायात, अंगावर, पाठीवर

चिखल हा इथला खरा विरोधक. ऑक्टोबर ते एप्रिल घोड्यांच्या वाटा घोट्यापर्यंत चिखलाने भरलेल्या असतात. घोट्याला आधार देणारे, खोल खाचांच्या तळव्याचे, पाणी आत न शिरणारे बूट घ्या. रोजच्या धावायच्या बुटांवर ट्रामवेची किंवा खडीची वाट जमते, मुळांचा ओला उतार जमत नाही. लोकरी मोजे, आणि एक जादा जोड कोरड्या पिशवीत.

जीन्स नको. ओली जीन्स थंड, जड होते आणि दिवसभर वाळत नाही. आतून चटकन वाळणारा टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पाऊस अडवणारं जाकीट, हे तीन थर बहुतेक ऋतूंना पुरतात. छत्री फांद्यांत अडकते. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या आणि लांब पँट घाला, कारण गोचिडी आणि नेटल. नेटलचं पान हाताला लागलं की आग होते, ती थोड्या वेळात आपोआप ओसरते.

पाठपिशवीत पाणी, माणशी निदान दीड लिटर. ओढ्याचं पाणी पिऊ नका. काही ठिकाणी ते केशरी दिसतं, ते जुन्या खाणींतून आलेलं लोह. जिथे नितळ दिसतं तिथेही वर मेंढ्या चरत असतात. थर्मासमध्ये चहा, पोळीभाजीची गुंडाळी, चिक्की. शिवाय शिट्टी, बॅटरी, प्लास्टर, फोनसाठी पॉवर बँक. बॅटरी दुपारच्या फेरीलाही घ्या.

वेळेचा हिशोब

स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा इथे अजून वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, आणि एकूण चढाच्या दर १०० मीटरला वर १० मिनिटं. हा न थांबणाऱ्या, सराव असलेल्या माणसाचा वेग झाला. मुलं, चिखल, फोटो, नकाशा बघणं धरून नवख्या गटाने तासाला ३ किलोमीटर धरावेत. चढ लहान लहान असतात, पण दिवसभरात त्यांची बेरीज ३००-४०० मीटर सहज होते.

डिसेंबरात सूर्य चारच्या सुमाराला मावळतो आणि झाडीत त्याआधीच अर्धा तास अंधारून येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्या आठवड्यात नव्या माणसांचा हिशोब हमखास चुकतो. हिवाळ्यात दुपारी दोनला तुम्ही परतीच्या वाटेवर असलंच पाहिजे. आणि निघण्यापूर्वी घरी राहिलेल्या कोणाला तरी कुठून निघतो, कुठल्या वाटेने जातो, किती वाजेपर्यंत फोन करतो, हे कळवून ठेवा.

या क्रमाने चाला

पहिली फेरी बीचनहर्स्टहून स्कल्प्चर ट्रेल. बी ४२२६ वर, पैसे भरून पार्किंग, कॅफे, स्वच्छतागृह. साधारण ७ किलोमीटरची, खुणा केलेली वर्तुळाकार वाट. १९८६ मध्ये ती सुरू झाली, आणि तिच्यावरची शिल्पं या जंगलाच्याच कामांतून, झाडांतून सुचलेली आहेत. झाडांच्या रांगांमध्ये उंचावर टांगलेली रंगीत काचेची खिडकी बघायला मान वर करावी लागते. तिच्यासमोर थोडं थांबा, ऊन आलं की रंग पेटतात. जागोजागी खुणा असल्यामुळे ही वाट नकाशा शिकण्याची उत्तम शाळा आहे. प्रत्येक फाट्यावर आधी नकाशात बघून ठरवा कुठे वळायचं, मग खांबावरचा बाण बघून पडताळा. इथून जवळच १६८२ मध्ये पूर्ण झालेलं स्पीच हाऊस. राजाच्या जंगलाचे अधिकारी, म्हणजे व्हर्डरर, यांचं न्यायालय तिथे भरायचं. आज ते हॉटेल आहे आणि व्हर्डररची सभा अजूनही तिथे भरते.

दुसरी फेरी कॅनॉपच्या तळ्यांपासून बिक्सस्लेडच्या खोऱ्यात वर. पार्कएंडच्या लोखंडाच्या कारखान्याचं पाणचक्र फिरवायला १८२० च्या दशकात ही दोन तळी बांधली. वर जाणारी वाट जुन्या घोडा-ट्रामवेची. मधोमध भोक असलेले चौकोनी दगड जमिनीत दिसतील, त्यांवर रूळ ठोकलेले असत. वाटेत युनियन पिटची जागा लागते. १९०२ मध्ये इथे खाणीत पाणी घुसलं आणि चार खाणकामगार बुडाले. नव्या भटक्यांना मी ही वाट आवर्जून सांगतो, कारण ट्रामवे कसा चढतो, कसा वळतो हे एकदा पायांना कळलं की जंगलात इतरत्र तो आपोआप ओळखू येतो.

तिसरी सिमंड्स यॅटची. वरच्या कड्यावरून वाय नदीचं मोठं वळण दिसतं, आणि वसंत-उन्हाळ्यात समोरच्या कड्यांवर घरटी करणारे बहिरी ससाणे दुर्बिणीतून बघायला मिळतात. कड्यावरून नदीकाठी उतरणारी वाट तीव्र, ओल्यात निसरडी. काठाला आलात की जुन्या रेल्वेच्या सपाट वाटेने बिब्लिन्सपर्यंत जा, तिथला झुलता पूल ओलांडा आणि पलीकडच्या काठाने परत या. पूल हलतो, म्हणून त्यावर एका वेळी किती माणसांनी जायचं याचा फलक वाचा. परतताना नदी ओलांडायला दोराने हातांनी ओढत नेणारी होडी आहे, पण पाणी चढलेलं असेल तर ती बंद असते. ती नसेल तर आल्या वाटेने बिब्लिन्सला परतावं लागेल एवढा वेळ हाताशी ठेवा.

या तिन्ही झाल्या की स्टाँटन गावावरचे बकस्टोन आणि सकस्टोन हे अजस्र दगड स्वतःच्या नकाशाने शोधा. इथे खुणा कमी आणि फाटे पुष्कळ. बकस्टोन पूर्वी खरोखर डुलायचा. १८८५ मध्ये फिरत्या नटमंडळींच्या एका टोळक्याने तो ढकलून पाडला आणि मग तो पुन्हा जागी बसवून पक्का केला. तिथून वेल्सचे डोंगर दिसतात.

रानडुकरं, गोचिडी आणि लाकूडतोड

होय, इथे रानडुकरं आहेत. इंग्लंडमधून ती शेकडो वर्षांपूर्वी संपली होती. १९९० च्या दशकात जवळच्या फार्मवरून काही निसटली आणि २००४ मध्ये स्टाँटनजवळ कोणीतरी फार्ममधली बरीच सोडून दिली. रस्त्याकडेचं गवत नांगरल्यासारखं उलटलेलं दिसलं तर ते त्यांचं काम. ती बहुधा आपला आवाज ऐकून निघून जातात. पट्टेदार पिल्लं दिसली तर मात्र आई जवळच आहे. थांबा, हळूच मागे फिरा, कुत्रा असेल तर पट्टा आखूड धरा. खायला काहीही टाकू नका. इथला एकमेव विषारी साप ॲडर. तो उन्हात वाटेकडेला पडलेला असतो आणि चाहूल लागली की सरकतो.

जळवांची चिंता नाही, पण गोचिडी त्यांच्यापेक्षा वाईट. ब्रॅकन आणि उंच गवतातून त्या अंगावर येतात आणि काहींमधून लाइम रोगाचे जिवाणू शरीरात जातात. वाटेच्या मधून चाला, पँट मोज्यात खोचा, गोचीड काढायचा छोटा आकडा पाकिटात ठेवा.

लाकूडतोडीचे फलक आणि पट्ट्या लागल्या की, यंत्राचा आवाज येत नसला तरी, आत जायचं नाही. रचलेल्या ओंडक्यांवर मुलांना चढू देऊ नका, ते घरंगळतात. जोराच्या वाऱ्यात जाणंच टाळा. ॲशची झाडं बुरशीच्या रोगाने वाळत आहेत आणि त्यांच्या फांद्या अचानक कोसळतात. शेकोटी करायची नाही, आणि परवानगीशिवाय तंबूही ठोकायचा नाही. अळंबी ओळखता येत नसेल तर हातही लावू नका.

समोरून घोडा आला तर एका कडेला उभं राहून स्वाराशी बोला. आवाज ऐकला की घोडा बिचकत नाही. वाटेत भेटणारा प्रत्येकजण ‘मॉर्निंग’ म्हणेल, आपणही म्हणावं.

वाट चुकली तर

सर्वांत आधी थांबा. शेवटची पक्की ओळखलेली जागा कोणती आणि तिथून किती मिनिटं चाललो, हे विचारा. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटं मागे गेलं की उत्तर सापडतं. ‘अजून थोडं पुढे बघू’ या मोहाने पुढचा तास जातो. आडवं रान कापत उतरू नका, काटेरी ब्रॅम्बल आणि जुने खड्डे यांत पाय जातो. मागे जाणं शक्य नसेल तर होकायंत्राने दिशा धरून जवळच्या मोठ्या रस्त्याकडे नेणारी रुंद वाट पकडा.

कोणी जखमी असेल तर ९९९ ला फोन करा, पोलीस मागा आणि बचाव पथक हवं म्हणून सांगा. नकाशावरून काढलेला सहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे चौकोनांच्या रेघांच्या आकड्यांवरून सांगितलेली जागा, दिलात तर ते १०० मीटरच्या चौकोनापर्यंत पोहोचतात. बोलण्याइतकी रेंज नसेल तेव्हा संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी घरून निघण्यापूर्वीच ९९९ या क्रमांकावर ‘रजिस्टर’ असा संदेश इंग्रजीत पाठवून, येणाऱ्या उत्तराप्रमाणे नोंदणी करून ठेवावी लागते. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. हे गटातल्या मुलांनाही शिकवून ठेवा.

परतल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटांचा चिखल ब्रशने तिथेच झाडा. लार्चसारख्या झाडांना मारणारे रोग मातीतून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. ज्यांना परतीची वेळ सांगितली होती त्यांना फोन करा. घरी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी, मुलांच्या केसांत गोचिडी शोधा. सापडली तर त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा काडीपेटी वापरू नका. चावल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या एक ते चार आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा ताप-अंगदुखी आली, तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा आणि डीनच्या जंगलात चाललो होतो हे आपणहून सांगा.